छत्रीला उंची नको, मोकळे आकाश हवे
(घरची टीव्ही डिश घरच्या घरी बसवणे आणि तपासणे)



आपल्या भागातील कोणत्याही गावात शिरावे आणि मान वर करून पाहावे. घरांवर दोन काळांच्या खुणा दिसतात. एक म्हणजे वीस-पंचवीस फुटी लोखंडी नळ आणि त्याच्या शेंड्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना. तिच्या निम्म्या काड्या कावळ्यांनी आणि वाऱ्याने केव्हाच मोडलेल्या असतात. दुसरी खूण म्हणजे गोल डिश, जिला गावात सगळे छत्रीच म्हणतात. पुष्कळ ठिकाणी तर ही छत्री त्या जुन्या नळाच्याच टोकाला चढवलेली दिसते. "जेवढी वर, तेवढं चित्र स्वच्छ" हा जुना हिशेब त्यामागे असतो.

हा हिशेब जुन्या अँटेनाला लागू होता. छत्रीला तो लागू नाही. छत्रीला उंची लागतच नाही, तिला फक्त आग्नेयेकडचे आकाश मोकळे लागते. ही एक गोष्ट नीट समजली तर छत्री बसवण्याचे काम घरच्या दोन माणसांना अर्ध्या दिवसात जमते, आणि विजेच्या तारेजवळ लोखंडी नळ उभा करण्याचा जीवघेणा प्रसंगही टळतो. म्हणून आधी कारण पाहू, मग कृती.

जुन्या अँटेनाला उंची का लागत होती

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरून पुणे परिसराला कार्यक्रम दिसू लागले. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम पाहायला एका घरात पाऊण गाव जमत असे, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. या केंद्रांच्या लहरी मनोऱ्यावरून निघून जमिनीलगत सरळ रेषेत जात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर जमीनच आड येते. मध्ये टेकडी असली तर विचारायलाच नको. म्हणून मनोरा उंच ठेवत, आणि आपणही अँटेना उंच करत होतो. मोकळ्या रानात तेरा-चौदा फुटांवरची अँटेना तीस फुटांवर नेली की पल्ला साधारण चार किलोमीटरने वाढत असे. केंद्रापासून लांबच्या गावाला तेवढ्याने मुंग्यांच्या जागी माणसांचे चेहरे दिसू लागत. तेव्हा उंचीचा हट्ट बरोबरच होता.

ती व्यवस्था आता राहिलेली नाही. प्रसार भारतीने जुन्या पद्धतीची, म्हणजे ॲनालॉग, प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०२२ पर्यंत देशातील बहुतेक सर्व बंद झाली. छपरावरची काड्यांची ती अँटेना गावात आता काही पकडत नाही.

आता चित्र कुठून येते

आता चित्र येते ते उपग्रहावरून. दूरदर्शनची विनामूल्य सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिलाच आज 'डीडी फ्री डिश' म्हणतात. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च केला की डीडी सह्याद्री, डीडी किसान आणि इतर बऱ्याच वाहिन्या दिसतात. ही सेवा 'जीसॅट-१५' या उपग्रहावरून मिळते. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ अग्निबाणाने सोडण्यात आला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर त्याचे ठाणे आहे. पृथ्वीबरोबरच तो फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो.

आता विचार करा. ३६ हजार किलोमीटर लांबून येणाऱ्या लहरीला आपण वीस फूट वर जाऊन भेटलो काय आणि अंगणात उभे राहून भेटलो काय, फरक काय पडणार? काहीही नाही. उलट वर गेल्याने तोटाच होतो. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर अरुंद असते. नेम दोन-तीन अंश चुकला की चित्र गेले. वीस फुटी नळ बुडाशी सैल होऊन त्याचा शेंडा जेमतेम चार इंच कलला, तरी छत्रीचा नेम एक अंशाने हलतो. म्हणजे उंच नळावरची छत्री वादळी वाऱ्यात डोलते आणि चित्र तुटत राहते. तीच छत्री चार फुटी मजबूत नळावर भिंतीला धरून बसवली तर वर्षानुवर्षे हलत नाही.

उपग्रहावरून थेट गावात चित्र उतरवण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सार्वजनिक टीव्ही बसवले होते. त्यात आपल्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हेही होते. तेव्हा दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री लागत असे, आणि तीही जमिनीवरच उभी करत. त्या वेळच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर होती, त्यामुळे जाळी चालत होती. आजची लहर जेमतेम एक इंचाची आहे. म्हणून छत्री लहान झाली, पण तिचा पत्रा मात्र सलग आणि बिनपोच्याचा लागतो. पोचे पडलेली जुनी छत्री स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

जागा कशी निवडावी

उपग्रह आपल्याला आग्नेयेला, बराच उंच दिसतो. होकायंत्रावर उत्तर म्हणजे शून्य, पूर्व म्हणजे ९० आणि दक्षिण म्हणजे १८० अंश धरले, तर आपल्या ऊस पट्ट्यातील काही ठिकाणांचे आकडे असे येतात:

कोल्हापूर : दिशा १२९ अंश, उंची ६० अंश
पुणे : दिशा १३२ अंश, उंची ५९ अंश
अहिल्यानगर : दिशा १३४ अंश, उंची ५९ अंश
सोलापूर : दिशा १३४ अंश, उंची ६१ अंश
नांदेड : दिशा १३८ अंश, उंची ६१ अंश

आपले गाव यांपैकी ज्याच्या जवळ असेल तो आकडा घ्यावा. एक-दोन अंशांचा फरक पुढे तपासणीत भरून निघतो.

उंची ६० अंश म्हणजे चांगलीच चढी नजर. त्याचा फायदा असा की अडथळा अगदी जवळ असला तरच आड येतो. आग्नेयेकडील झाडाचा शेंडा छत्रीपेक्षा दहा फूट उंच असेल, तर ते झाड छत्रीपासून सहा-सात फुटांपेक्षा लांब असले म्हणजे पुरे. शेजारचे घर वीस फूट उंच असेल, तर तेरा-चौदा फूट अंतर पुरते. तरी झाड वाढते हे लक्षात घेऊन, त्याची जितकी उंची तितके अंतर ठेवावे, म्हणजे पुढे कुऱ्हाड हाती घ्यावी लागत नाही. घराभोवती ऊस कितीही वाढला तरी त्याची काळजी नको. तो या नजरेच्या खालीच राहतो.

जागा मोकळी आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. एकदा १२-१३ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला, आणि पुन्हा ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळी अकराला. त्या वेळी अंगणात ज्या जागी स्वच्छ ऊन पडले असेल ती जागा छत्रीला चालते. जिथे सावली आहे तिथे चालत नाही. त्याच दिवसांत रोज काही मिनिटे चित्र फुटते, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरी छत्रीत भरतात. तो बिघाड समजून कुणी छत्रीला हात लावू नये. चार-आठ दिवसांत ते आपोआप थांबते.

तेव्हा पहिली पसंती अंगणाचा किंवा परसाचा कोपरा, दुसरी घराची पक्की भिंत, तिसरी स्लॅब. पत्र्याच्या, कौलाच्या किंवा सिमेंटच्या पन्हाळी पत्र्याच्या छपरावर चढूच नये. सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली अचानक फुटतो. माळवदावर भोक पाडले की पावसाळ्यात गळती ठरलेली. अंगणात बसवायची तर गोठ्याच्या दावणीपासून आणि बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वळणापासून दूर, पोरांचा चेंडू लागणार नाही अशा बाजूला बसवावी.

विजेची तार : इथे तडजोड नाही

या कामात माणूस दगावतो तो दोन कारणांनी. एक, वरून पडून. दुसरे, लोखंडी नळ उभा करताना तो विजेच्या तारेला टेकून. अकरा हजार व्होल्टच्या तारेला तर नळ नुसता जवळ गेला तरी पुरे, टेकावाही लागत नाही. नळ हातात उभा धरला की त्याचा तोल वरच्या टोकाला जातो, आणि एकदा कलला की दोन माणसांनाही आवरत नाही. म्हणून नियम असा ठेवावा: हातातील नळाची किंवा शिडीची जेवढी लांबी, त्याच्या दुप्पट अंतरात कोणतीही उघडी तार असता कामा नये. घरावर येणारी साधी सर्व्हिस वायरही यात धरावी.

तारेखाली दुसरी जागाच नसेल तर वायरमनला सांगून, लाईन बंद करून मगच काम करावे. "पाच मिनिटांचं तर काम आहे" असे म्हणणाऱ्याला घरच्या बायकांनी सरळ अडवावे. शिडी लाकडाची किंवा बांबूची आणि कोरडी घ्यावी, ॲल्युमिनियमची नको. पावसाळी हवेत, वारा सुटला असताना आणि तिन्हीसांजेला हे काम काढू नये.

चार फुटी नळ अंगणात बसवायचा तर हे सगळे धोके मुळातच राहत नाहीत. उंचीचा हट्ट सोडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

लागणारे सामान

छत्री साठ ते पासष्ट सेंटीमीटर व्यासाची. तिच्यासमोर दांडीवर बसणारा एलएनबी, म्हणजे लहर पकडून केबलमध्ये सोडणारा लहान डबा. बॉक्स एमपीईजी-४ प्रकारचा घ्यावा, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत. आरजी-६ जातीची केबल घरापर्यंत पोहोचेल एवढी. शंभर फुटांपर्यंत चिंता नाही, पण मध्ये जोड नको. केबलच्या टोकांना लावायचे दोन एफ-कनेक्टर. शिवाय पाने, पक्कड, ओळंबा, होकायंत्र (मोबाईलमधलेही चालते) आणि चांगली चिकटपट्टी.

नळ ओळंब्यात हवा

सगळ्या कामाचा पाया म्हणजे नळ. अंगणात दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन, नळाच्या बुडाला आडवी सळई लावून काँक्रीटमध्ये उभा करावा आणि दोन-तीन दिवस पाणी मारून पक्का होऊ द्यावा. भिंतीवर किंवा स्लॅबवर छत्रीसोबत येणारा पाट चार बोल्टांनी आवळावा. विटेच्या सांध्यात किंवा नुसत्या गिलाव्यात मारलेला बोल्ट पहिल्या वादळात सुटतो.

नळ दोन बाजूंनी ओळंबा लावून तपासावा. गवंडी भिंतीला लावतो तसाच, एकदा समोरून आणि एकदा काटकोनातून. हे का, ते ऐका. नळ सरळ असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंची बदलत नाही. एका वेळी एकच गोष्ट शोधायची राहते. नळ वाकडा असेल तर बाजू फिरवली की उंचीही बदलते, मग दिवसभर शोधूनही उपग्रह सापडत नाही. "छत्री लागत नाही" अशी तक्रार आली तर आधी ओळंबा लावून पाहावा.

कल आणि दिशा

इथे नवख्या माणसाचा एक हमखास गोंधळ होतो. उपग्रह ६० अंश उंच आहे असे म्हटले, पण बसवलेली छत्री पाहिली तर तिचे तोंड तेवढे वर दिसत नाही. याचे कारण असे की या छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या दांडीवर असतो. छत्रीचा पत्रा त्या हिशेबाने घडवलेला असतो. त्यामुळे ती पाहते त्यापेक्षा सुमारे वीस-पंचवीस अंश वरची लहर पकडते. म्हणून आकाशाकडे तोंड करून छत्री उताणी करू नये. मागच्या पकडीवर अंशांची पट्टी छापलेली असते. तिचा काटा आपल्या गावच्या आकड्यावर, म्हणजे ५९, ६० किंवा ६१ वर ठेवावा. फरक त्या पट्टीतच धरलेला असतो. बोल्ट आवळायचे ते एवढेच, की हाताने ढकलले तर छत्री हलावी आणि सोडली तर जागी राहावी.

दिशा पाहताना होकायंत्र नळाला चिकटवू नये. लोखंडाजवळ ते खोटे बोलते. नळापासून सात-आठ फूट मागे, वायव्येला उभे राहून पाहावे. आपला आकडा नळावर आला की त्या रेषेत पुढे एक खुंटी ठोकून नळापासून सुतळी ताणावी. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नाही, तेव्हा वेगळी बेरीज-वजाबाकी नको. मग छत्रीची दांडी सुतळीच्या रेषेत आणावी.

केबलचे टोक

निम्मे बिघाड केबलच्या टोकात असतात. वरचे काळे आवरण सोलून आतील जाळी उलटी वळवावी, पांढरे आवरण काढून मधली तांब्याची तार मोकळी करावी. कनेक्टर बसवल्यावर ही तार त्याच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसावी. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. बॉक्स याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवतो. केस टेकला की शॉर्ट होऊन बॉक्स बिघडू शकतो. म्हणूनच केबल लावताना किंवा काढताना बॉक्सचे बटन भिंतीवरूनच बंद करावे.

आता खरी तपासणी

पूर्वी अँटेना फिरवताना वरून एक जण ओरडायचा, "आलं का?" आणि खालून उत्तर यायचे, "थोडं मागं!" ही पद्धत छत्रीला चालत नाही. अँटेनाचे चित्र हळूहळू सुधारत असे. छत्रीचे चित्र एकतर येते, नाहीतर येत नाही. मधल्या पट्ट्यात फक्त चौकोन चौकोन पडतात. त्यामुळे शक्य असेल तर बॉक्स आणि लहान टीव्ही छत्रीजवळ आणून, आखूड केबलने आधी तिथेच तपासावे. छत्री तिथे लागली आणि घरात चित्र आले नाही, तर दोष लांब केबलमध्ये आहे हे चटकन कळते.

बॉक्सच्या मेनूमध्ये उपग्रह म्हणून जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व निवडावा. एलएनबीच्या रकान्यात युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०-१०६००, ठेवावे. सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या दिसतात. पहिली 'स्ट्रेंग्थ', म्हणजे जोर. दुसरी 'क्वालिटी', म्हणजे प्रत. जोराच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. एलएनबी जोडला की छत्री भिंतीकडे तोंड करून असली तरी ती पट्टी भरते. ती फक्त केबल आणि एलएनबी जिवंत असल्याचे सांगते. उपग्रह सापडला की नाही हे सांगते ती क्वालिटीची पट्टी.

आता छत्रीचा काठ धरून ती अगदी सावकाश बाजूला सरकवावी. साठ सेंटीमीटरच्या छत्रीचा काठ पाच मिलिमीटर सरकला म्हणजे एक अंश झाला. तेवढे सरकवावे, थांबावे, मनात पाच आकडे मोजावेत. बॉक्सला विचार करायला दोन-तीन सेकंद लागतात. घाईने फिरवणारा माणूस उपग्रहावरून पुढे निघून जातो आणि त्याला ते कळतही नाही. सुतळीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश पाहून झाले आणि क्वालिटी आली नाही, तर कल एक अंश वाढवून पुन्हा सगळे पाहावे. मग एक अंश कमी करून पाहावे. उसाच्या सऱ्या सोडतो तसे एकेक ओळ धरून शोधले की उपग्रह सापडल्याशिवाय राहत नाही.

क्वालिटी आली की थांबू नये. पट्टी कमी होईपर्यंत आणखी पुढे सरकवून खूण करावी, उलट दिशेला कमी होईपर्यंत नेऊन दुसरी खूण करावी, आणि छत्री दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये आणावी. कलाचेही तसेच करावे. शेवटी एलएनबी आपल्या पकडीत घड्याळाच्या काट्यासारखा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवून पाहावा. तो सरळ असला म्हणजे बरोबर असे नाही. जिथे क्वालिटी सर्वांत जास्त तिथेच तो आवळावा. हे न केल्याने काही वाहिन्या दिसतात आणि काही तुटतात.

चित्र आले की वाहिन्या शोधून घ्याव्यात आणि नावे वाचावीत. ९५ अंशावर दुसरे उपग्रह शेजारीच आहेत, तेव्हा भलताच उपग्रह पकडला जाऊ शकतो. डीडी सह्याद्री दिसली म्हणजे घर बरोबर सापडले. मग बोल्ट एकेक करून, आलटून पालटून आवळावेत, नजर पट्टीवर ठेवून. एकच बोल्ट एकदम आवळला की छत्री ओढली जाते. नळावर आणि पकडीवर रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे वादळानंतर पुन्हा शोधाशोध नको.

केबल घरात नेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते, भिंतीतून आत येत नाही. एलएनबीच्या जोडावर चिकटपट्टी खालून वर गुंडाळावी.

नंतरचे बिघाड

मोठ्या पावसात चित्र जाते: ढगातील पाण्यात लहर विरते. पाऊस ओसरला की ते परत येते, छत्रीला हात लावू नये. साध्या भुरभुरीतही जात असेल तर मात्र नेम कडेवर बसला आहे, तो मध्ये आणावा.

जोर आणि प्रत दोन्ही शून्य: केबल तुटली, शॉर्ट झाली किंवा एलएनबी गेला. आधी टोके पाहावीत.

जोर आहे, प्रत नाही: छत्री हलली आहे किंवा आड काही आले आहे. नवी फांदी, शेजारची नवी भिंत पाहावी.

काल दिसणारी वाहिनी आज नाही: वाहिन्यांच्या जागा अधूनमधून बदलतात. बॉक्सवर पुन्हा शोध घ्यावा. छत्री फिरवू नये.

गळीत हंगामात धुराड्याची राख छत्रीवर बसते. ती दवाने ओली होऊन थर धरते. तो साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावा, काथ्याने घासू नये. एलएनबीच्या तोंडावरचे झाकण फुटले किंवा त्यात गांधीलमाशीने घर केले, तरी प्रत घसरते.

विजा आणि जुना नळ

नळाला जाड तारेने जमिनीत अर्थिंग द्यावे. मात्र अर्थिंग दिले म्हणजे वीज पडली तरी टीव्ही वाचेल अशी खात्री नाही. वळवाच्या पावसाची चाहूल लागताच टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढावा, केबलही बॉक्समधून सोडवून ठेवावी. विजा कडकडू लागल्यावर मात्र कशालाच हात लावू नये.

आणि शेवटची विनंती त्या जुन्या नळाबद्दल. त्याचे काम संपले आहे. बूड गंजलेले असते, ताण दिलेल्या तारा सैल झालेल्या असतात, आणि एखाद्या वादळात तो विजेच्या तारेवर किंवा अंगणातल्या पोरांवर येऊ शकतो. तो उतरवायलाही निदान तीन माणसे हवीत. दोघांनी बूड आणि मधला भाग धरायचा, तिसऱ्याने दोरीने ताणून सावकाश खाली घ्यायचा, आणि वर सांगितलेला दुप्पट अंतराचा नियम तसाच पाळायचा. अंतर कमी असेल तर वायरमनला बोलावून लाईन बंद केल्याशिवाय नळाला हात लावू नये. उतरवलेल्या नळाचा चार फुटी तुकडा कापला की छत्रीला नळ झाला. उरलेला गोठ्याच्या आढ्याला किंवा वेलाच्या मांडवाला उपयोगी पडतो.

येत्या पाडव्यापर्यंत ज्यांच्या घरावर असा नळ उभा आहे त्यांनी तो उतरवून घ्यावा. शेजारी म्हातारी माणसेच राहत असतील तर त्यांचाही उतरवून द्यावा.